पेनड्राइव्ह कुणी अडवला?

कळंबहून धाराशिवची एसटी सुटायला वीस मिनिटं उरली होती आणि शिवांजलीच्या मुलाखतीच्या स्लाइड्सचा पेनड्राइव्ह नवऱ्याच्या लॅपटॉपमधून निघत नव्हता. “तसाच उपटू का?” तिनं विचारलं. “नको, फाइली जातील. कुणीतरी वापरतंय, असं लिनक्स म्हणतंय,” कुलदीप म्हणाला. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायची हौस त्याचीच होती. बाकी सगळं बंद करूनही तो निघेना, तेव्हा त्याचा संशय आईवर गेला. “तू भजनं लावली व्हतीस का?” “म्या हात बी लावला न्हाय,” मथुराबाई सोफ्यावरूनच म्हणाल्या. शेवटी त्यानं आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला: पेनड्राइव्ह कुणी अडवलाय, नाव सांग. एकच नाव आलं, कुलदीप. ही खिडकीच त्यानं मघाशी पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उघडली होती, आणि तीच त्याला धरून बसली होती. त्यानं ती गुपचूप मिटली. पेनड्राइव्ह सुटला. “सापडला का तो?” शिवांजलीनं मागून विचारलं. “सापडला.” “मग त्याला म्हणावं, एसटी गेली, गाडी काढ.”