नव्या आवाजातली हाक

आनंदा पन्हाळ्यावर गाईड होता. कॅन्सरमुळं त्याचं स्वरयंत्र काढलं आणि मानेला छिद्र करून श्वासनळी तिथं जोडली. जीव वाचला. श्वास आता नाकाऐवजी मानेतून चालायचा, पण आवाज गेला तो गेलाच. त्याची बायको शालन भांडी घासता घासता थबकायची. बाहेरच्या सोप्यातून "अगं ए, च्या टाक की" असं तोच पूर्वीच्या आवाजात म्हणाल्यासारखं तिला वाटायचं.

पुढं डॉक्टरांनी श्वासनळी आणि अन्ननलिकेच्या मध्ये एक छोटी झडप बसवली. "छिद्रावर बोट दाबा आणि श्वास सोडा. फुप्फुसातली हवा घशात जाईल, शब्द फुटेल. फक्त पूर्वीचा आवाज येणार नाही."

आनंदा घरामागच्या परड्यात एकटाच सराव करायचा. खरखरीत, परक्या माणसाचा वाटावा असा आवाज यायचा. शालन जवळ आली की तो गप्प व्हायचा.

"बोला की कायतरी," ती म्हणायची. "कसा का असंना."

तो नुसती मान हलवायचा. तिचे कान कुठला आवाज शोधतायत, हे त्याला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी ती भाकरी थापत असताना तो दारात येऊन उभा राहिला. त्यानं मानेवर बोट दाबलं.

"शालन."

तिचा हात पिठातच थांबला.

"पुन्यांदा म्हणा," ती हळूच म्हणाली.

जुन्या आवाजात त्यानं तिला कधी नावानं हाकच मारली नव्हती.