मोराची पट्टी

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर निंबा उकडलेल्या रताळ्यासारखा लालभडक दिसत होता. मिशीसकट.

"दिख रहा है," लष्कराच्या कमिटीचे कर्नलसाहेब म्हणाले.

"पाच मिनिटं, सर. कापडावरचा लेप अजून थंड व्हायचाय," पराग म्हणाला. गेल्या पाऊण तासात त्याने हे चौथ्यांदा सांगितलं होतं.

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्याचं शटर खाली ओढलेलं, दिवे बंद. दूर भिंतीपाशी स्टुलावर परागचा कामगार निंबा ते लेपाचं कापड अंगावर घेऊन बसला होता. कॅमेरा अंगाच्या गरमीवरून अंधारातही माणूस हुडकून काढणारा. कापड असं हवं होतं की ते पांघरलेला जवान त्या कॅमेऱ्याला दिसता कामा नये. शोध छोट्या कारखानदाराने लावायचा, खर्च सरकारचा, संधी तीन. ही तिसरी. या लेपापायी परागने पॉलिटेक्निकमधली कायमची नोकरी सोडली होती आणि गाडी कमिटीला घेऊन एक वाजता निघणार होती. साडेबारा झाले होते.

कर्नलसाहेब एकदम पुढे वाकले. "एक मिनट. इसकी गर्दन कहाँ गई?"

परागने बघितलं. निंबाचं डोकं होतं, छाती होती, पण मधे गळ्याशी चार बोटं रुंद पट्टा होता, त्यात नुसती भिंत. गुडघ्यांखाली तसाच दुसरा. निंबाचे तीन तुकडे झाले होते.

दिवे लावले.

फौजी हिरव्या कापडाला चारी बाजूंनी जरीची झगझगीत पट्टी शिवलेली होती. पट्टीवर एकापाठोपाठ एक मोर.

"निंबाभाऊ, हे काय?" परागचा आवाज चिरकला.

"तुम्हीच बोलले ना, सुतं निघतायत, कडा शिवून आणा. घरी बायकोनं, सुभद्रानं, रात्री शिवल्या. साधी पट्टी तिच्याकडे खलास झालेली. ही एक्सपोर्टची आहे, भारी."

"अहो पण जवानाला मोर?"

"राष्ट्रीय पक्षी आहे ना, भाऊ."

कमिटीतल्या मॅडमनी मान खाली घालून कागद चाळायला घेतले. पराग पुढे झाला. "सर, ही पट्टी आत्ता उसवतो. माझ्या लेपात तीन रसायनं आहेत, तुम्ही फक्त—"

"लेप छोड़िए," कर्नलसाहेब पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले. "ये मोर कितने मीटर मिलेगा?"

अंगाची गरमी लेपाने नाही, जरीच्या धातूने झाकली होती, हे परागच्या ध्यानात आलं. मग शटर वर ढकलून पळाला. शेजारच्या गाळ्यात महेशभाई नवरीच्या ओढण्या करायचा. पराग धापा टाकत तिथली सगळ्यात जड ओढणी उचलू लागला. सबंध जरीची, लाल आणि सोनेरी, कडेला घुंगरं.

"लई जा ने, भाई," महेशभाई म्हणाला. "पण डाघ न पडवो जोईए. सांजे ग्राहक लेवा आवे छे."

ओढणी बघून निंबा स्टुलावरून उठलाच. "नाही, भाऊ. माले दोन जवाई शेतस. नवागामात जावयांना कोणी फोटो पाठवला तर मी तोंड कुठं दाखवू?"

"तोंड दिसणारच नाही. घुंगट घ्यायचाय."

"नाही म्हणजे नाही."

परागने घड्याळ बघितलं. बारा बावन्न. तो खाली वाकला आणि सगळ्यांसमोर त्याने निंबाचे पाय धरले. निंबा वीस वर्षांनी मोठा होता खरा, पण कोणत्याही मालकाने त्याचे पाय आजवर धरले नव्हते. तो घाबरून म्हणाला, "उठा, भाऊ, उठा. आणा ती ओढणी."

घुंगट तोंडावर ओढून, हातपाय आत घेऊन निंबा बसला. घुंगरं वाजली. दिवे बंद झाले.

स्क्रीनवर स्टुलाच्या वर कोणी नव्हतं.

कर्नलसाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला. कॅमेरा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. "ज़िंदा है न?"

भिंत खोकली.

"पास," कर्नलसाहेब म्हणाले.

परागला रडू फुटलं. टॉर्चच्या उजेडात मॅडम फॉर्म भरत होत्या. रंगाच्या रकान्यात 'हिरवा' असं आधीच छापलेलं होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं. वजनाच्या रकान्यात ओढणीचं वजन लिहिलं, घुंगरांसह. लेपाला रकाना नव्हता.

"पुढची चाचणी प्रत्यक्ष सीमेवर," त्या म्हणाल्या. "सगळ्यात पुढच्या चौकीत, आठ दिवस. नियमाप्रमाणे आज जो बसलाय तोच माणूस तिथे बसवावा लागेल. येतील ना ते?"

"येतील. नक्की येतील," पराग म्हणाला आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसत त्याने सही केली.

सहीच्या खाली माणसाचं नाव लिहायचं होतं. ते पण त्यानेच लिहिलं.

भिंतीकडून घुंगरं थोडी वाजली.

"पराग भाऊ," निंबाचा आवाज आला. "तिकडचे लोक पण या कॅमेऱ्यातूनच बघतात ना? नुसत्या डोळ्यांनी तर नाही बघत?"

परागने मान वर करून स्क्रीनकडे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं.