दुसरी बशी

आईने एक डोळा गच्च मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे असतात, हे लेकीने परत एकदा सांगितलं. आज तिच्या प्रयोगशाळेत घरच्यांना यायची परवानगी होती, आणि आई ठेवणीतले कपडे घालून आली होती. पहिल्या काचेच्या बशीतल्या पेशींत चरबीचे तांबडे थेंब तुरळक होते. दुसरीतल्या पेशी थेंबांनी गच्च भरल्या होत्या.

"ही आपली गोलू," आई म्हणाली.

घरात लेकीला सगळे गोलूच म्हणत. आई स्वतः पाप्याचं पितर. लेकीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की आईचे डोळे ताटावर. स्वतः मात्र पिठासाखरेचे डबे पलंगाखालीसुद्धा भरून ठेवायची. "कुणावर गेलीस कोण जाणे" हे तिचं पेटंट वाक्य. त्यावरून मायलेकींनी कितीदा तरी अबोला धरला होता.

आता आईने विचारलं, ही दुसरी एवढी खादाड कशी निघाली? लेक आईच्या पोटात असताना बाबांचा कारखाना बंद पडला होता आणि आईने पाणी पिऊन दिवस काढले होते, हे तिला मावशीने सांगितलं होतं. खरं सांगावं तर आई जन्मभर स्वतःला बोल लावणार. खोटं बोलावं, तर गोलू जन्मभर खादाडच राहणार.

तिने फक्त पेशींचं सांगितलं. दोन्ही बशांतल्या पेशी एकाच घरच्या. जनुकं तीच, नंतरचं खाणंही तेच. फक्त दुसरीतल्या पेशींना कोवळ्या वयात उपाशी ठेवलं होतं. त्याने जनुकं बदलली नाहीत, पण कुठलं चालू ठेवायचं नि कुठलं बंद, याच्या त्यांच्यावरच्या खुणा बदलल्या.

"पुढे पोटभर मिळालं, तरी खुणा पुसल्या नाहीत," ती हळूच म्हणाली. "उद्या मिळेल न मिळेल, म्हणून साठवत राहिल्या बिचाऱ्या."

आईला सगळं कळलं होतं, हे लेकीला दिसत होतं. 'तुझं काही चुकलं नाही' हे शब्द तिने ओठांवर तयार ठेवले.

आईने पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे होते, आणि भरलेले.

"माझ्या पलंगाखालच्या डब्यांना हसता ना तुम्ही," लेकीचा गाल कुरवाळत ती म्हणाली, "माझ्यावरच गेलीस की गं तू."