उलटी मराठी

"नको," दत्तात्रय म्हणाले आणि त्यांनी चहाच्या कपासाठी डावा हात पुढे केला.

वृंदाने कप त्या हातात दिला. समोर बसलेला उन्मेष नुसता बघत राहिला. आठवडाभराची सुट्टी काढून आला होता, पण बाबांची ही भाषा काही त्याच्या अंगवळणी पडली नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द उलटे बाहेर पडतात, हे आईने त्याला आल्या दिवशीच सांगितलं होतं. पंखा लावायचा असला की ते 'बंद कर' म्हणतात. जवळ बोलवायचं असलं की 'जा' म्हणतात. ऐकलेलं सगळं नीट कळतं, मनातलं सांगायला जावं तर तोंडाशी येईपर्यंत पालथं होतं. कोलकात्यातल्या बेहालाच्या या फ्लॅटमध्ये आता उलटी मराठी चालते, असं वृंदा फोनवर नणंदेला हसत सांगायची आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

दत्तात्रयांनी चिवड्याची रिकामी वाटी उपडी केली आणि तिच्या बुडात आपलं तोंड पाहिलं. ओठ वाकडा झाला नाही ना, हे ते दिवसभर बघत. पुन्हा झटका येणार ही भीती त्यांना जरा म्हणून उसंत देत नव्हती. वृंदाने घरातले आरसे काढून ठेवले, तर त्यांनी वाट्या शोधल्या.

"रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत, आई," उन्मेष बॅगेची चेन ओढत म्हणाला. "बाबांना जरा बिझी ठेवत जा."

"भीती रिपोर्टमध्ये दिसत नाही रे," वृंदा आवाज खाली आणून म्हणाली. "परवापर्यंत माझा पदर सोडत नव्हते. मी नुसती दुधाची पिशवी घ्यायला दारात गेले तरी कासावीस व्हायचे. कालपासून धरतच नाहीत. त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. थांब ना चार दिवस."

"तू फार विचार करतेस. दुर्गापूजेला मी परत येणारच आहे ना."

तिने विषय वाढवला नाही. वाढवून करणार काय? मुलाला नोकरी होती, आणि तिच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. पदर सोडला, एवढंच. हे कोणाला सांगणार आणि कोणाला पटणार?

दत्तात्रय काठी घेऊन उठले. "जातो," असं म्हणत बाथरूमकडे वळले. वृंदाने मान डोलावली. सुरुवातीला त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला तेव्हा तिने पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता. निघताना 'येतो' म्हणायचं, 'जातो' कधी म्हणायचं नाही. इथली बंगाली माणसंसुद्धा जाताना 'आशि' म्हणतात, म्हणजे येतोच. लहानपणी उन्मेष शाळेत निघाला की 'जातो' म्हणून ओरडायचा, आणि बूट घातलेल्या पोराला दत्तात्रय दारातून परत फिरवायचे. "येतो म्हण," म्हणायचे. 'येतो' म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे. अशा माणसाने उठता बसता 'जातो' म्हणावं! मग हळूहळू उलटी मराठी तिच्या ध्यानात आली. 'जातो' म्हणजे 'येतो'. तिचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून हा अभद्र शब्द ऐकला की तिला उलट हायसं वाटायचं.

उन्मेषचा फोन वाजला. "आई, कॅब आला."

"आली," ती सवयीने म्हणाली.

तिघं दारापाशी आले. वृंदाने दत्तात्रयांचा हात धरला होता. उन्मेष घाईघाईने दोघांच्या पाया पडला, बॅग खांद्याला लावली आणि लिफ्टचं बटण दाबत, कोलकात्यात वाढलेल्या आपल्या मराठीत म्हणाला, "जातो, बाबा."

दत्तात्रय त्याच्याकडे बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. मग कुठेही न अडखळता म्हणाले, "येतो."

उन्मेष क्षणभर गोंधळला, आणि मग खळखळून हसला. "सॉरी, सॉरी. येतो! येतो, बाबा!" त्याचे डोळे भरून आले होते. "बघितलंस, आई? अजून माझी मराठी सुधारतायत. आणि किती सरळ बोलले! उगाच घाबरवतेस तू."

"उन्मेष, अरे थांब..." पण तो लिफ्टमध्ये शिरला होता. लिफ्टचं जाळीचं दार ओढलं गेलं. हसरा उन्मेष जाळीमागून हात हलवत खाली गेला.

जिन्याने धावत गेली असती तर त्याला खाली गाठता आलं असतं. पण त्यासाठी दत्तात्रयांचा हात सोडावा लागला असता. तिने तो आणखी घट्ट धरला. त्या हाताने तिचा हात धरला नाही.

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नव्हती. लहान मुलाला समजवावं तसं ते हळूच म्हणाले, "येतो."

"नाही," वृंदा म्हणाली. "जातो म्हणा. अहो, एकदा... एकदा जातो म्हणा ना."