आई गेल्यानंतरचे नमुने

"पुन्हा तेच," असं म्हणून विभाने कागद डॉ. माथुरांपुढे सरकवला.

प्रतिमा माथुर तिच्या मार्गदर्शक. जयपूरच्या एका कॉलेजात औषधशास्त्राचा विभाग सांभाळायच्या आणि आकडा बिघडला की आधी नळ्यांवर संशय घ्यायच्या.

"नळ्या नीट धुतल्या होत्यास?"

"मीच धुतल्या मॅडम. नळ्यांचं काही नाही. माझं यकृतच मंदावलंय."

काम तसं सोपं. निरोगी माणसाला एक औषध द्यायचं आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने त्याची लाळ नळीत घ्यायची. लाळेतलं औषध किती लवकर कमी होतं यावरून यकृत त्याचा कसा निकाल लावतं ते कळतं. मुलं नळीत थुंकायला लाजत, म्हणून विभा पहिल्या दिवसापासून आधी स्वतः थुंकायची. पुढे तिचाच नमुना ताळा पाहायला ठेवला, कारण त्यातला आकडा कधी हलायचा नाही. यकृत भलतं तेज होतं पोरीचं. "ससुराल में ज़हर भी दिया तो पचा जाएगी," असं माथुर मॅडम सगळ्यांदेखत चिडवायच्या.

बाकी कामात विभा कडक. रेल्वे कॉलनीतला दिलीप निरोगी म्हणून नाव देऊन गेला होता. त्याच्या लाळेतून औषध पाहता पाहता नाहीसं व्हायचं. विभाने त्याला समोर बसवून खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तो कबूल झाला. तो फिटच्या गोळ्या घेत होता आणि त्या गोळ्या यकृताला पळायला लावतात.

"ताई, आईनं बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही म्हणून. बहिणीचं लग्न व्हायचंय."

विभाने त्याचं नाव खोडलं. वर चांगलं सुनावलंही. रोग लपवणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग यायचा.

दिवाळीनंतर तिची आई गेली. वासंतीबाई राजा पार्कच्या बाजारातून मेथी घेऊन आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि खाली बसल्या त्या बसल्याच. एक शब्द बोलायलाही वेळ मिळाला नाही त्यांना.

विभा रडली नाही. "पोरगी दगड आहे नुसती," असं नागपूरची मावशी स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली, ते तिने दाराआडून ऐकलं. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. या आईने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. कॉलेजच्या सहलीला पाठवलं नाही, हॉस्टेलचं नाव काढू दिलं नाही, लुना शिकते म्हटलं तर दोन दिवस अबोला धरला. रात्री जायफळ घातलेलं दूध समोर उभं राहून प्यायला लावायची आणि मगच दिवा मालवायची. अशा आईसाठी डोळ्यांत टिपूस येऊ नये? झोप तेवढी उडाली होती. पण झोप काय, कुणाचीही उडते.

आणि मग हे नमुने आले. एकदा घेतला, दोनदा घेतला, आठवड्याने पुन्हा घेतला. तिचं तेज यकृत चारचौघांसारखं चालायला लागलं होतं.

"तू काही घेत नाहीस ना?" मॅडमनी विचारलं.

"मी डोकं दुखलं तर बाम लावते मॅडम. गोळी माहीत नाही मला."

"मग हे नमुने वगळ. उद्या विभागाच्या बैठकीत विचारलं तर काय सांगशील?"

"जे झालं ते सांगेन. आई गेली आणि यकृत मंदावलं. शोकाचा परिणाम."

माथुर मॅडमनी कागद तिच्याकडे परत सरकवला. बिनआईच्या मुलीला काय बोलणार? "मांड," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी तिचे वडील गजाननराव विमा कंपनीच्या ऑफिसातून आले, तर विभा उंबऱ्यातच उभी होती. तिने चहासुद्धा टाकला नव्हता. बुटांची नाडी सोडता सोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एक बूट पायात तसाच राहिला.

"दुधाचं विचारायचंच राहिलं गं तुला," ते मध्येच म्हणाले. "पितेस का?"

"आता कोण देतंय? बाबा, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मावशी म्हणाली मी दगड आहे. मलाही वाटलं, असेन. रडूच येत नव्हतं मला. पण हे बघा." तिने कागद त्यांच्या हातात दिला. "आत कुठेतरी कळलं होतं सगळं. आई गेली हे माझ्या शरीराला माझ्याआधी कळलं. उद्या मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे."

आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम वर आलं. बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. रडताना तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

गजाननराव तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. गप्प बसावं, असं त्यांना वाटलं. पोरीला हे रडू तरी मिळू दे. पण उद्या ती तो कागद घेऊन माणसांसमोर उभी राहणार होती.

"उद्या ते मांडू नकोस, बाळा," ते म्हणाले.

"का?"

"तू सातवीत होतीस, तेव्हापासून तुझी आई तुला रोज दुधातून फिटची गोळी देत होती, तुझ्या नकळत. ती गेल्यावर मला ते जमलं नाही."