दोन भावांचा स्विच

"उजवी रांग माझी, डावी त्याची," धाकटा म्हणाला. "माझ्याकडचं काही एक तिकडे दिसता कामा नये, ताई. बाकी तुमचं काय चालायचं ते चालू द्या."

"दिसणार नाही. शब्द देते," नेटवर्कवाली म्हणाली. शिडीवर उभी राहून ती नवा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जोडायची पेटी, भिंतीवरच्या रॅकमध्ये बसवत होती.

थोरला खाली शिडी धरून उभा होता. आपल्याला जणू ऐकूच आलं नाही, असा चेहरा. भावाभावांत थेट बोलणं बंद होतं. वडिलांमागे लाकडी साच्यांचं वर्कशॉप दोघांनी वाटून घेतलं होतं. मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली होती. आता वायरींची वाटणी तेवढी बाकी होती.

"उठता-बसता नजर ठेवायला मी काय लहान मूल आहे?" धाकटा त्या भिंतीलाच म्हणाला आणि मधल्या दाराने पलीकडे गेला. कडी सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ त्याचं कापायचं मशीन सुरू झालं, आणि त्यावर ताण करणारी त्याची शिट्टी. सूर बरा होता.

नेटवर्कवालीने भिंतीच्या भोकातून आलेल्या केबली एकेक करून खोचल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली. पोर्टांचे हिरवे दिवे लुकलुकू लागले. मग ती खाली उतरली आणि लॅपटॉप उघडून बसली. साधा स्विच म्हणजे धर्मशाळा, कोणीही कोणाच्या खोलीत डोकावावं. हा तसा नव्हता. कोणी कोणाशी बोलायचं ते याला नेमून देता येत होतं. एकाच पेटीत दोन घरं, मध्ये न दिसणारी भिंत.

थोरला तिच्याजवळ येऊन वाकला. "एक दार उघडं ठेवा."

"कसलं दार?"

"त्याचं मशीन मला इथून बंद करता आलं पाहिजे. आत्तापर्यंत येत होतं, तसंच राहू द्या. आणि तिकडचा कॅमेरा. त्याला मात्र कळू देऊ नका."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. वाटण्या झालेले भाऊ तिने कमी पाहिले नव्हते. एकाने दुसऱ्याचा छापखाना ऐन घाईच्या दिवशी बंद पाडला होता आणि वर तिच्याच कामाला नावं ठेवली होती.

"जमणार नाही."

"मी त्याचं वाकडं करणार नाही हो."

"मग बंद करायचं बटण कशाला हवं?"

थोरल्याने भिंतीकडे पाहिलं. "ते सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"शब्द मीही दिलाय. आत्ताच, तुमच्यासमोर."

तिने लॅपटॉपवर शेवटची आज्ञा दिली. शेजारच्या टेबलावर थोरल्याचा कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावरचं पलीकडच्या कॅमेऱ्याचं चित्र विझलं.

थोरल्याचा चेहरा पडला. तो सरळ भिंतीपाशी गेला आणि प्लायवूडला कान लावून उभा राहिला. एवढा मोठा बाप्या, पण लाज कशी ती नाही, असं तिच्या मनात आलं. ती केबली नीट बांधायला पुन्हा शिडीकडे वळली.

"शिट्टी थांबली," थोरला म्हणाला.

"थांबेल नाहीतर काय! माणूस दमतो."

"मशीन चालूच आहे." त्याने भिंतीवर थाप मारली. "छोट्या! ए छोट्या!"

पलीकडून उत्तर नाही. अबोला धरलेल्या भावाला कोण उत्तर देणार? मशीन मात्र करकरत होतं. थोरल्याने दार ढकललं. कडी हलली नाही.

"उघडा ते स्विचमधलं दार! आत्ताच्या आत्ता मला ते मशीन इथून दिसलं पाहिजे!"

"नाही म्हटलं ना!"

त्याने तिला बाजूला लोटलं. ती टेबलावर आदळली. तोवर तो शिडीवर चढलाही होता. चिठ्ठ्या चाचपत त्याने उजव्या रांगेतून मशीनची केबल उपटली आणि डाव्या रांगेत, स्वतःच्या घरात, खुपसली. तिने त्याचा शर्ट धरून ओढला, तो फाटला. दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. थोरल्याने खाली उडी मारली आणि कॉम्प्युटरवरचं लाल बटण दाबलं.

पलीकडचा आवाज घरघरत खाली आला आणि बंद पडला.

"शोभतं का हे?" ती कडाडली. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देता? थांबा, त्यालाच सांगते सगळं."

ऐकायला तो तिथे नव्हताच. बाहेरच्या दाराने रस्त्यावर येऊन, वळसा घालून तो पलीकडच्या शटरकडे धावत सुटला होता. ती मागोमाग धावली. याच्या आधी आपण पोचलं पाहिजे, नाहीतर हा काहीबाही सांगून मोकळा होईल.

ती पोचली तेव्हा थोरला मशीनवर वाकला होता. धाकटा मशीनच्या पाटावर आडवा पडला होता. त्याला आकडी आली होती; दातखीळ बसलेली, अंग ताडताड उडत होतं. त्याची बाही पात्याखाली दाबली गेली होती. पात्याने कापड फाडलं होतं, पण कातडीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

थोरल्याने बाही सोडवली. भावाला अलगद उचलून जमिनीवर ठेवलं, कुशीवर वळवलं आणि स्वतःचा फाटका शर्ट काढून त्याच्या डोक्याखाली दिला. हात सराईत होते. तोंडातून "झालं, झालं, झालं" एवढंच.

हळूहळू अंग उडायचं थांबलं. श्वास संथ झाला. पापण्या हलू लागल्या.

थोरला उठला आणि शटरकडे मागे मागे सरकला.

"तुम्ही जरा त्याच्यापाशी बसा, ताई," तो कुजबुजला. "मशीन कसं थांबलं म्हणून विचारलं, तर वीज गेली होती म्हणा."