धोंड्यांवरची फटफटी

कणकेच्या परातीत तिसऱ्यांदा कार्बोरेटर भिजत पडलेला दिसला, तेव्हा गोपिकानं पिशवी भरली आणि नागपूरहून एसटीनं नरखेडजवळच्या माहेरी निघून आली. तिच्या नवऱ्यानं, चंपतरावानं, रामदासपेठेतल्या एका साहेबाची जुनी फटफटी घेतली होती. दगडधोंड्यांवरून पाय न टेकता चालवायच्या शर्यतीची. तिच्यावर मागं बसायला जागासुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी चंपतराव तिला न्यायला आला, त्याच फटफटीवर, नाल्यातले धोंडे चढून. तिचे वडील बापूजी अंगणातच उभे होते.

"जवाईबापू, माह्या पोरीले काहून छळून राहिले?" ते गरजले. मग फटफटीकडे बघत हळूच म्हणाले, "एकडाव बी पाय नाही टेकला?"

दुपारपर्यंत बापूजी स्वतः नाल्यात दोनदा पडून आले. संध्याकाळी सासरा-जावई अंगणात इंजिन खोलून बसले. "रॉकेल आण वं!" बापूजींनी बायकोला हाक मारली.

गोपिकानं पुन्हा पिशवी भरली.

"आता कुठं चालली वं?" आईनं विचारलं.

"सासरी. तिथं आता कोणीच नाही."

आईनं रॉकेलची बाटली उंबऱ्यावर ठेवली.

"थांब वं, लुगडं बदलून मीबी येतो."